गर्भपाताचा कायदा आणि न्यायालयाचे माप

वर्तमानपत्रात अधूनमधून एक बातमी येते. ‘अमेरिकेतील अमुक राज्याच्या गर्भपातबंदीला न्यायालयात आव्हान.’ पुढच्या महिन्यात दुसरी येते, ‘तमुक राज्याचा कायदा कायम.’ वाचणारा गोंधळतो. देश एक, राज्यघटना एक. मग एका राज्यात जे काम दवाखान्यात राजरोस चालते, त्याच कामासाठी शेजारच्या राज्यात डॉक्टरला तुरुंग कसा? आणि एकच सर्वोच्च न्यायालय पन्नास वर्षांपूर्वी जे बोलले, त्याच्या बरोबर उलट आता कसे बोलते? ह्या दोन प्रश्नांची उत्तरे आज आपण शोधू या.

विषय नाजूक आहे. चारचौघांत हा शब्द निघाला की माणसे घसा खाकरतात आणि पाऊसपाण्याच्या गोष्टींकडे वळतात. शाळेत तर तो निघतच नाही. म्हणून आरंभीच एक खुलासा करतो. गर्भपात पाप की नाही, ह्या वादात मी शिरणार नाही. तो ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा प्रश्न आहे आणि दोन्ही बाजूंना प्रामाणिक माणसे आहेत. न्यायालयापुढचा प्रश्न निराळा असतो. हा निर्णय कोणी घ्यायचा, त्या स्त्रीने की सरकारने? आणि सरकारने निर्बंध घातलाच, तर तो योग्य की अयोग्य हे कोणत्या मापाने मोजायचे? हा ‘माप’ शब्द ध्यानात ठेवा. धान्य तेच असले तरी पायली बदलली की ढीग कमीजास्त भरतो. अमेरिकेत गेल्या पन्नास वर्षांत नेमके तेच झाले आहे.

प्रथम तेथील व्यवस्था समजून घेऊ. आपल्याकडे फौजदारी कायदा मुख्यतः साऱ्या देशाला एकच असतो. सोलापुरात जो गुन्हा, तो विजापुरातही गुन्हा. अमेरिकेत तसे नाही. तेथे पन्नास घटकराज्ये आहेत, आणि बहुतेक गुन्हे कोणते व त्यांना शिक्षा काय, हे प्रत्येक राज्याचे विधिमंडळ आपापले ठरवते. मात्र राज्याच्या कायद्याने देशाच्या राज्यघटनेचा भंग होत असेल, तर नागरिक न्यायालयात जाऊ शकतो आणि न्यायालय तो कायदा रद्द करू शकते. शिवाय प्रत्येक राज्याची स्वतःची वेगळी राज्यघटना असते आणि वेगळे सर्वोच्च न्यायालयही असते. म्हणजे दारे दोन झाली. एक देशाच्या न्यायालयाचे, दुसरे राज्याच्या न्यायालयाचे. पुढची सगळी हकिकत ह्या दोन दारांची आहे.

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतील बहुतेक राज्यांनी गर्भपात हा गुन्हा ठरवला. टेक्सस राज्याचा कायदा असा होता की, आईचा जीव वाचवण्यासाठी असेल तरच गर्भपात करता येईल, एरवी नाही. १९७० साली टेक्ससमधील एका गरीब, गरोदर स्त्रीने ह्या कायद्याविरुद्ध दावा लावला. नाव उघड होऊ नये म्हणून कागदोपत्री तिला ‘जेन रो’ म्हटले गेले. प्रतिवादी होते डॅलस परगण्याचे सरकारी वकील हेन्री वेड. म्हणून तो खटला ‘रो विरुद्ध वेड’ ह्या नावाने ओळखला जातो. तिच्या बाजूने सर्वोच्च न्यायालयात उभ्या राहिलेल्या वकील सॅरा वेडिंग्टन त्या वेळी अवघ्या सव्वीस वर्षांच्या होत्या.

आता एक गोष्ट पाहा. गरोदरपण नऊ महिन्यांचे आणि खटला चालतो वर्षानुवर्षे! निकाल लागला २२ जानेवारी १९७३ रोजी. तोवर त्या स्त्रीचे बाळंतपण होऊन मूल दत्तकही गेले होते. मग दाव्यात उरले काय, असे कोणीही विचारील. न्यायालयाने त्याचे उत्तर दिले. हा प्रश्न पुन्हा पुन्हा उद्भवणारा आहे, आणि प्रत्येक वेळी निकालाआधी बाळंतपण झाले म्हणून दावा सोडून दिला, तर असा प्रश्न कधीच सुटणार नाही. पुढे ह्या प्रकारचे बहुतेक दावे डॉक्टरांनी आणि दवाखान्यांनी लावले, त्याचे एक कारण हेच. रुग्णबाई बदलतात, दवाखाना तेथेच असतो.

सात विरुद्ध दोन अशा बहुमताने न्यायालयाने टेक्ससचा कायदा रद्द केला. निकालपत्र न्यायमूर्ती हॅरी ब्लॅकमन ह्यांनी लिहिले. आधार घेतला अमेरिकेच्या चौदाव्या घटनादुरुस्तीचा. कायद्याच्या रीतसर मार्गाशिवाय कोणाचेही जीवित, स्वातंत्र्य वा मालमत्ता राज्याला हिरावून घेता येणार नाही, असे ती १८६८ ची दुरुस्ती सांगते. शिक्षक बंधुभगिनींना आपल्या घटनेचे एकविसावे कलम आठवेल. ‘स्वातंत्र्य’ ह्या शब्दात माणसाचे खासगी आयुष्य येते, आणि मूल होऊ द्यावे की नाही हा निर्णय त्या खासगी आयुष्यातला आहे, असे न्यायालयाने म्हटले.

पण हा हक्क अमर्याद नाही, हेही न्यायालयाने त्याच निकालात सांगितले. आईच्या प्रकृतीची काळजी राज्याला असते आणि वाढत्या गर्भाच्या जीविताचीही असते. म्हणून गरोदरपणाचे तीन-तीन महिन्यांचे तीन भाग पाडले. पहिल्या तीन महिन्यांत निर्णय स्त्रीचा आणि तिच्या डॉक्टरचा. मधल्या तीन महिन्यांत आईच्या प्रकृतीसाठी राज्याला नियम करता येतील. गर्भ पोटाबाहेर जगू शकेल इतका वाढला, की राज्याला बंदीही घालता येईल. मात्र आईचा जीव किंवा प्रकृती धोक्यात असेल तर ती बंदी लागू नाही. हे झाले पहिले माप. ते महिन्यांचे माप होते, बोटावर मोजता येण्याजोगे.

ह्या निकालाने एक बाजू आनंदली, दुसरी दुखावली. दुखावलेल्यांचे म्हणणे दोन प्रकारचे होते. एक, गर्भ हाही जीव आहे आणि त्याच्या वतीने बोलणारे कोणी नाही. दुसरे, गर्भपात हा शब्द घटनेत कोठेही नाही. मग हा प्रश्न लोकांनी निवडून दिलेल्या विधिमंडळांच्या हातून नऊ न्यायमूर्तींनी का काढून घ्यावा? हा दुसरा आक्षेप ऐकून हसू नका. लोकशाहीत त्याला वजन आहे, आणि जवळजवळ पन्नास वर्षांनी तोच जिंकला.

सरळ बंदी घालता येईना, तेव्हा राज्यांनी आडवाटा शोधल्या. पहिली वाट पैशाची. गरिबांच्या वैद्यकीय मदतीचा केंद्र सरकारचा पैसा गर्भपातासाठी वापरू नये, असे १९७६ साली देशाच्या काँग्रेसनेच ठरवले. १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ते मान्य केले. न्यायालयाचे म्हणणे असे की, हक्क आहे म्हणून सरकारने त्याचा खर्च द्यावा असे होत नाही, आणि त्या बाईची गरिबी काही सरकारने निर्माण केलेली नाही. तर्क नीटनेटका आहे. पण ज्या बाईच्या हाती पैसा नाही, तिच्यासाठी तो हक्क कागदावरच राहिला.

दुसरी वाट अटींची. पेनसिल्व्हेनिया राज्याने नियम केले. गर्भपातापूर्वी डॉक्टरने ठरावीक माहिती सांगावी, मग चोवीस तास थांबावे. मुलगी अज्ञान असेल तर आईबापांपैकी एकाची संमती घ्यावी. आणि विवाहित स्त्रीने आपण नवऱ्याला कळवले आहे असे लिहून द्यावे. ह्या नियमांविरुद्धचा खटला २९ जून १९९२ रोजी निकाली निघाला. त्या राज्याच्या गव्हर्नरांच्या नावावरून त्याला केसी खटला म्हणतात. रो निकाल रद्द होणार, अशी अटकळ होती. तसे झाले नाही. मूळ हक्क राहिला, पण माप बदलले. महिन्यांचे भाग गेले आणि त्यांच्या जागी ‘अवाजवी ओझे’ हा शब्द आला. गर्भ पोटाबाहेर जगण्याइतका वाढण्यापूर्वी राज्याला अटी घालता येतील. मात्र त्या अटीचा हेतू किंवा परिणाम स्त्रीच्या वाटेत मोठा अडथळा उभा करण्याचा असेल, तर ती अट रद्द.

ह्या मापाने माहितीची अट टिकली, चोवीस तासांची टिकली, आईबापांच्या संमतीचीही टिकली. नवऱ्याला कळवण्याची अट मात्र पडली. का पडली, हे ऐकण्यासारखे आहे. राज्याचे म्हणणे, बहुतेक बायका नवऱ्याला आपण होऊन सांगतातच, मग अट घातली तर बिघडले कोठे? न्यायालयाने उत्तर दिले की, ज्या सांगतातच त्यांच्याकडे पाहून ओझे मोजायचे नसते. ज्यांना सांगण्याची भीती वाटते, घरात ज्यांना मारहाण होते, त्यांच्यावर ह्या कायद्याचा भार पडतो. म्हणून तो त्यांच्या बाजूने मोजायचा. कुंपण किती उंच आहे हे ज्याला आत जायचेच नाही त्याला विचारून काय उपयोग?

येथे आपल्या देशाची एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण खेड्यापाड्यांत तिच्याविषयी फार गैरसमज आहे. आपल्या कायद्याप्रमाणे अठरा वर्षे पूर्ण झालेल्या स्त्रीला गर्भपातासाठी तिची स्वतःची संमती पुरते. नवऱ्याची सही कायदा मागत नाही. दवाखान्यात कोणी मागितली, तर ती रिवाज म्हणून किंवा भीतीपोटी मागतात, कायद्याने नव्हे. पेनसिल्व्हेनियातील स्त्रियांना जे १९९२ साली न्यायालयात भांडून मिळवावे लागले, ते आपल्या संसदेने १९७१ मध्येच लिहून ठेवले होते.

आता केसी खटल्याच्या मापाची खरी परीक्षा पाहू. टेक्सस हे अवाढव्य राज्य. आपल्या महाराष्ट्राच्या दुपटीहून मोठे. २०१३ साली तेथील विधिमंडळाने कायदा केला. गर्भपात करणाऱ्या डॉक्टरला तीस मैलांच्या आतील एखाद्या इस्पितळात रुग्ण दाखल करण्याचा अधिकार मिळालेला असला पाहिजे. आणि गर्भपाताचा दवाखाना शस्त्रक्रियाकेंद्राच्या दर्जाने बांधलेला असला पाहिजे. कागदावर वाचले तर कोणीही म्हणेल, वा, रुग्णाच्या काळजीचाच कायदा आहे. पण परिणाम काय झाला? चाळीसच्या आसपास दवाखाने होते, ते सुमारे वीसवर आले; आणि सगळ्या अटी लागू झाल्या असत्या तर सात-आठच उरले असते. दवाखान्यापासून दीडशे मैलांहून, म्हणजे सुमारे दोनशे चाळीस किलोमीटरहून, दूर राहणाऱ्या प्रजननवयातील स्त्रिया पूर्वी ८६ हजार होत्या, त्या ४ लाखांवर गेल्या. घरी दोन लेकरे, रोजंदारीचे काम, रजा मिळत नाही, अशा बाईने एवढ्या लांब जायचे कसे आणि यायचे कसे?

दवाखान्यांनी दावा लावला. २७ जून २०१६ रोजी पाच विरुद्ध तीन मतांनी सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही अटी रद्द केल्या. निकाल न्यायमूर्ती स्टीव्हन ब्रेयर ह्यांनी लिहिला. त्यांनी तराजूच ठेवला म्हणा ना. एका पारड्यात अटीचा फायदा, दुसऱ्यात तिचे ओझे. फायदा काय? ह्या अटीमुळे एखाद्या तरी स्त्रीला अधिक चांगले उपचार मिळाले असते असे एक उदाहरण आहे काय, असे राज्याच्या वकिलाला विचारले गेले. एकही उदाहरण पुढे आले नाही. उलट दिसले असे की, इस्पितळे हा अधिकार देताना डॉक्टरने वर्षाकाठी अमुक इतके रुग्ण दाखल करावेत अशी अपेक्षा धरतात. आणि गर्भपात इतका सुरक्षित की दाखल करायला रुग्णच नसतात! अडतीस वर्षांच्या कारकिर्दीत पंधरा हजारांवर बाळंतपणे केलेल्या एका डॉक्टरलासुद्धा जवळच्या इस्पितळात हा अधिकार मिळाला नव्हता. न्यायालयाने आणखी एक गोष्ट दाखवून दिली. बाळंतपणात मृत्यूचा धोका गर्भपातापेक्षा चौदा पट अधिक. तरीही सुईणीने घरी बाळंतपण केलेले टेक्ससला चालते. मग काळजी नेमकी कोणाची आणि कशाची होती?

लुइझियाना राज्याने जवळजवळ तसाच कायदा केला होता. तोही २०२० मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी रद्द झाला. गंमत अशी की, सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स २०१६ मध्ये विरुद्ध बाजूला होते. ह्या वेळी ते म्हणाले की, मागचा निकाल मला पटलेला नाही, पण तसाच कायदा पुढे आला आहे, तेव्हा पूर्वीच्या निकालाचा मान राखला पाहिजे. न्यायालय आपल्याच शब्दाला किती बांधलेले असते, हा प्रश्न येथे डोकावला. दोन वर्षांतच तो दार ढकलून आत आला.

मध्यंतरी टेक्ससने २०२१ मध्ये एक अजब युक्ती काढली. गर्भाच्या हृदयाची हालचाल टिपता येऊ लागली, म्हणजे सुमारे सहा आठवडे झाले, की गर्भपात करू नये. हे आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, बरं का. म्हणजे सहा आठवडे याचा अर्थ पाळी चुकून दोनच आठवडे. कित्येकींना तोवर आपल्याला दिवस गेले आहेत हे कळतही नाही. आणि युक्ती ती कोणती? हा कायदा सरकारी अधिकाऱ्याने अमलात आणायचाच नाही. कोणाही खासगी माणसाने डॉक्टरवर किंवा मदत करणाऱ्यावर दिवाणी दावा लावावा, आणि जिंकल्यास निदान दहा हजार डॉलर मिळवावेत. मदत करणारा म्हणजे त्या बाईला गाडीतून नेणारासुद्धा! आता आव्हान द्यायचे तर प्रतिवादी कोणाला करायचे? सरकार हात झटकून मोकळे. सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा थोपवण्यास पाच विरुद्ध चार मतांनी नकार दिला.

तोवर न्यायालयाची घडण बदलली होती. अमेरिकेत सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती राष्ट्राध्यक्ष नेमतात, सिनेट त्याला संमती देते, आणि नेमणूक तहहयात असते. २०१७ ते २०२० ह्या काळात नऊपैकी तीन न्यायमूर्ती नवे आले. अशा वेळी मिसिसिपी राज्याचा २०१८ चा कायदा न्यायालयापुढे आला. पंधरा आठवड्यांनंतर, थोडे अपवाद सोडून, गर्भपाताला बंदी. दावा लावणारा त्या राज्यात उरलेला एकमेव गर्भपाताचा दवाखाना होता. राज्याचे आरोग्य अधिकारी डॉब्स ह्यांच्या नावावरून हा डॉब्स खटला म्हणून ओळखला जातो.

२४ जून २०२२ रोजी निकाल लागला. मिसिसिपीचा कायदा सहा विरुद्ध तीन मतांनी टिकला, आणि पाच न्यायमूर्तींच्या बहुमताने रो व केसी हे दोन्ही निकाल रद्द ठरले. सरन्यायाधीश रॉबर्ट्स ह्यांना कायदा मान्य होता, पण जुने निकाल मुळासकट उपटणे मान्य नव्हते. बहुमताचे निकालपत्र न्यायमूर्ती सॅम्युअल अलिटो ह्यांचे. घटनेत ज्याचा उल्लेख नाही, तो हक्क देशाच्या इतिहासात आणि परंपरेत खोलवर रुजलेला असेल तरच मानायचा. गर्भपाताचा हक्क तसा रुजलेला नाही. सबब हा प्रश्न लोकांकडे आणि त्यांच्या प्रतिनिधींकडे परत जातो, असा त्याचा आशय. मतभेद दर्शवणाऱ्या तीन न्यायमूर्तींनी विचारले, कोणाचा इतिहास? १८६८ मध्ये दुरुस्ती झाली तेव्हा ती लिहिणाऱ्यांत आणि मंजूर करणाऱ्यांत स्त्रिया नव्हत्या. अमेरिकेच्या घटनेने त्यांना मताचा अधिकार दिला तोच मुळी १९२० साली.

हे तिसरे माप. ह्या मापाने निर्बंधामागे विधिमंडळाला काही सयुक्तिक कारण दाखवता आले, की पुरे. स्त्रीवर ओझे किती पडते, हे मोजायचे कारणच उरले नाही. तेच टेक्सस, तेच अंतर, तीच रोजंदारी करणारी बाई. फक्त पायली बदलली.

आपण म्हणाल, मग संपले सगळे. पण नाही. मी आरंभी दोन दारे सांगितली होती. देशाच्या न्यायालयाचे दार बंद झाले, तेव्हा माणसे राज्याच्या दाराकडे वळली. सुमारे डझनभर राज्यांत जवळजवळ पूर्ण बंदी आली. कित्येक राज्यांत राज्याच्या घटनेचा आधार घेऊन दावे लागले. राज्यांच्या घटनाही सर्वत्र सारख्या नाहीत. कोठे खासगीपणाचा हक्क स्पष्ट लिहिलेला आहे, कोठे नाही. साउथ कॅरोलायनात काय झाले पाहा. तेथील सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये सहा आठवड्यांची बंदी तीन विरुद्ध दोन मतांनी रद्द केली. ते निकालपत्र लिहिणाऱ्या, त्या न्यायालयातील एकमेव स्त्री न्यायमूर्ती निवृत्त झाल्या. विधिमंडळाने थोडा फेरफार करून तशीच बंदी पुन्हा आणली, आणि ऑगस्टमध्ये त्याच न्यायालयाने ती चार विरुद्ध एक मतांनी टिकवली. आठ महिन्यांत माणूस बदलला आणि निकाल फिरला.

ॲरिझोनाची कथा आणखी चमत्कारिक. तेथे १८६४ चा एक कायदा पडून होता. ॲरिझोना राज्य झाले १९१२ साली. म्हणजे कायदा राज्याहून जुना! एप्रिल २०२४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो अमलात आणता येईल असे सांगितले. एवढी खळबळ माजली की, मे महिन्यात विधिमंडळानेच तो रद्द केला, आणि नोव्हेंबरमध्ये मतदारांनी गर्भपाताचा हक्क राज्याच्या घटनेत लिहून घेतला.

हे मतदारांचे माप कोर्टाच्या मापापेक्षा निराळे. कॅन्ससच्या न्यायालयाने २०१९ मध्ये राज्याच्या घटनेत हा हक्क आहे असे ठरवले होते. तो काढून टाकण्याची दुरुस्ती ऑगस्ट २०२२ मध्ये मताला टाकली गेली, आणि त्या सनातनी वळणाच्या शेतकरी राज्यात सुमारे ५९ टक्के लोकांनी ती नाकारली. उलट फ्लॉरिडात २०२४ मध्ये सुमारे ५७ टक्के लोकांनी हक्काच्या बाजूने मत दिले, तरी प्रस्ताव पडला. कारण तेथे घटनादुरुस्तीला ६० टक्के मते लागतात. म्हणजे ‘लोकांकडे प्रश्न सोपवला’ असे म्हटले, तरी लोकांचे मत कोणत्या पायलीने मोजायचे हा प्रश्न राहतोच.

आता ज्या प्रश्नासाठी हा विषय मी निवडला, त्याकडे येतो. जवळजवळ प्रत्येक बंदीत एक अपवाद असतो, आईचा जीव धोक्यात असेल तर. वाचायला पुरेसे वाटते. पण जीव धोक्यात आहे, हे कोणत्या क्षणी म्हणायचे? पाचव्या महिन्यात पाणी गेले. बाळ जगणार नाही हे डॉक्टरला दिसते आहे. पण गर्भाचे ठोके चालू आहेत आणि आईला अजून ताप चढलेला नाही. आता हात लावायचा की ताप चढण्याची वाट पाहायची? टेक्ससमध्ये चूक ठरली तर डॉक्टरला जन्मठेपेपर्यंत शिक्षा, निदान एक लाख डॉलर दंड आणि परवाना रद्द. अशा वेळी डॉक्टर रुग्णाच्या नाडीबरोबर कायद्याचे पुस्तकही चाचपतो. अशा प्रसंगांतून गेलेल्या काही स्त्रियांनी आणि दोन डॉक्टरांनी २०२३ मध्ये दावा लावला. त्यांची मागणी बंदी उठवण्याची नव्हती. अपवादाचा अर्थ स्पष्ट करा, एवढीच होती. मे २०२४ मध्ये टेक्ससच्या सर्वोच्च न्यायालयाने कायदा आहे तसा पुरेसा स्पष्ट आहे, असे म्हणून त्यांच्याविरुद्ध निकाल दिला. तरी तो दावा वाया गेला असे नाही. २०२५ मध्ये टेक्ससच्या विधिमंडळाने स्वतःच अपवादाची भाषा सुधारली, आणि मृत्यू दारात येईपर्यंत डॉक्टरने थांबायला नको, हे कायद्यात आणले. कोर्टात हरलेली गोष्ट कधी कधी सभागृहात जिंकते ती अशी.

आपल्याकडे काय? इंग्रजांच्या १८६० च्या दंडसंहितेने, आईचा जीव वाचवण्यासाठी केलेला सोडून, गर्भपात गुन्हा ठरवला होता. चोरून केलेल्या गर्भपातांत स्त्रिया दगावत, म्हणून १९६४ साली केंद्र सरकारने एक समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते महाराष्ट्राचे त्या वेळचे आरोग्यमंत्री शांतिलाल शहा. त्या समितीच्या शिफारशींवरून १९७१ चा कायदा झाला. २०२१ च्या दुरुस्तीनंतर वीस आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचे मत पुरते. बलात्कारपीडित, अज्ञान, अपंग, गरोदरपणात विधवा वा विभक्त झालेली अशा ठरावीक स्त्रियांसाठी दोन डॉक्टरांच्या मताने चोवीस आठवडे. आणि त्यापुढे गर्भात गंभीर व्यंग असेल तर वैद्यकीय मंडळाच्या निर्णयाने. आईचा जीव तातडीने वाचवायचा असेल, तर आठवड्यांची मर्यादा आड येत नाही. डॉब्स निकालानंतर तीनच महिन्यांनी, २९ सप्टेंबर २०२२ रोजी, आपल्या सर्वोच्च न्यायालयाने चोवीस आठवड्यांच्या तरतुदीतून अविवाहित स्त्रीला वगळता येणार नाही असा निकाल दिला. आणि २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तुरुंगातील स्त्रियांच्या संदर्भात सांगितले की, कैदी असली तरी हा निर्णय तिचाच.

तरीही आपण पाठ थोपटून घेण्याचे कारण नाही. आपल्या कायद्यात शेवटचा शब्द डॉक्टरच्या मताचा आहे. २०२३ मध्ये सव्वीस आठवड्यांच्या गरोदर विवाहितेला सर्वोच्च न्यायालयाने परवानगी नाकारली. शिवाय गर्भपात कायदेशीर आहे, हेच अनेकांना ठाऊक नसते. गर्भलिंगनिदानाला बंदी आहे, तिच्याशी लोक ह्याची गल्लत करतात. मुलगा की मुलगी हे तपासणे आणि मुलगी म्हणून गर्भ पाडणे हा गुन्हा आहे. कायद्यातील कारणासाठी, कायद्याने ठरवलेल्या मुदतीत, मान्यताप्राप्त ठिकाणी केलेला गर्भपात हा गुन्हा नाही. ही दोन वाक्ये प्रत्येक शिक्षकाने आणि आरोग्यसेविकेने गावात स्पष्ट सांगावीत. ह्या एका गल्लतीपायी किती बाया भीतीने भलत्याच्या हाती जीव देतात!

शेवटी शिक्षकांसाठी एक सूचना. अशी बातमी वाचली की वर्गात तीन प्रश्न विचारा. दावा कोणत्या न्यायालयात आहे, देशाच्या की राज्याच्या? निर्बंध काय म्हणतो, आणि प्रत्यक्षात तो कोणाच्या वाटेत उभा राहतो? आणि न्यायालयाने कोणते माप हाती घेतले? हे तीन प्रश्न विचारले की गर्भपाताविषयी आपले मत काहीही असो, निकाल समजू लागतो. माझ्यापुरते विचाराल तर केसी निकालातले ते एक सूत्र मला कायम टिकावे असे वाटते. कायद्याचे ओझे मोजायचे ते ज्याच्या पाठीवर ते पडते त्याच्या पाठीवर हात ठेवून, रिकाम्या हातांनी चालणाऱ्याला विचारून नव्हे. हे सूत्र जमीनमहसुलाला लागू आहे, रेशनच्या दुकानाला लागू आहे, शाळेच्या फीला लागू आहे. ते बाईच्या देहालाही लागू असावे, एवढेच माझे म्हणणे आहे.